पायरीवरची जागा : खाडीकाठच्या एका शहरातल्या तलावाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे शहर रायगड जिल्ह्यात आहे, खाडीपासून दोन-अडीच किलोमीटर आत. मधोमध तलाव. तलावाच्या पूर्वेला एसटी स्टँडकडे जाणारा रस्ता, आणि त्या रस्त्यावरून थेट पाण्यात उतरणाऱ्या काळ्या दगडाच्या सात पायऱ्या. या पायऱ्यांना गावात जे नाव आहे, त्यात कातकरी जमातीचं नाव आहे. इथे ते दिलं तर शहर लगेच ओळखू येईल, म्हणून देत नाही. पण हे नाव जुनी माणसं रोजच्या बोलण्यात वापरतात आणि तेव्हा नगरपरिषदेच्या एकाही कागदावर ते नव्हतं. या प्रकरणातली बरीचशी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

वरच्या दोन पायऱ्यांवर आणि रस्त्याच्या कडेला शहराबाहेरच्या दोन वाड्यांमधल्या कातकरी बायका माल घेऊन बसतात. पावसाळ्यात त्यांची संख्या वीस-तेवीसपर्यंत जाते, दिवाळीनंतर सात-आठ उरतात. माल खाडीचा आणि डोंगराचा: चिंबोऱ्या, निवटे, खुबे, कालवं, पहिल्या पावसात वलगणीचे मासे. भाजी मोसमाप्रमाणे बदलते. पावसाच्या तोंडावर शेवळं आणि त्यांच्यासोबत काकडं, मग टाकळा, भारंगी, कंटोळी, बांबूचे कोंब. वजनकाटा नसतो, वाटे लावलेले असतात. चिंबोऱ्यांच्या नांग्या सुतळीने बांधून त्या ओल्या गोणपाटाखाली ठेवतात. पायरीच्या बाजूच्या पिंपळाखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे. वाडीतली माणसं त्याला चेडा म्हणतात. माल विकून झाला की निघताना त्याच्यापुढे काहीतरी ठेवलं जातं, बहुधा चिमूटभर भाजी, कधी एखादा निवटा.

कातकऱ्यांचं नाव काथावरून आलं. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, आटवून काथ काढणं हा त्यांचा धंदा होता. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलं आखली गेली, खैर तोडण्यावर निर्बंध आले आणि काथाच्या भट्ट्या मागे पडल्या. पुढे कोळसा पाडणं आलं, मग वीटभट्ट्या. आज केंद्र सरकारच्या यादीत महाराष्ट्रातल्या तीनच जमाती विशेष असुरक्षित आदिम गटात आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. पुष्कळशा वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर उभ्या आहेत. घराखालची जागा नावावर नाही, त्यामुळे पत्त्याचा पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून पुढचं काहीच नाही. हा तपशील इथे देण्याचं कारण पुढे दिसेल.

अडचण

नगरपरिषदेने तलाव सुशोभीकरणाचं काम मंजूर केलं. आराखडा बाहेरच्या सल्लागाराने केला होता. त्यात होतं ते असं: तलावाभोवती चालण्याची पट्टी, रस्त्याच्या कडेने साडेतीन फूट उंच लोखंडी कुंपण, दोन फाटकं, सकाळी 5 ते 9 आणि दुपारी 4 ते 9 अशी उघडण्याची वेळ. काळ्या पायऱ्यांवर चकचकीत ग्रॅनाइट बसवून वर कापडी छत, आणि त्या जागेला नाव ‘व्ह्यूइंग डेक’. पिंपळाचा पार बांधायचा म्हणून चेड्याचा दगड हलवायचा होता.

आराखड्यात एक भिंतही होती, शहराचा इतिहास सांगणारी. कोळ्यांचं गलबत, आगऱ्यांची भातशेती, मिठागरं, जवळचा किल्ला. कोपऱ्यात तारपा धरून गोल नाचणाऱ्या, त्रिकोणी अंगाच्या माणसांचं वारली चित्र, आणि खाली ‘आदिवासी संस्कृती’. वारली चित्रकला पालघर-डहाणूकडच्या वारल्यांची. कातकऱ्यांची ती परंपरा नाही. ज्यांच्या नावाच्या पायऱ्या, त्यांच्या जागी भिंतीवर दुसऱ्याच जमातीची चित्रं आली, आणि हे आराखडा मंजूर होईपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही.

काम सुरू होण्याआधी तीन दिवस रिक्षावरच्या भोंग्यावरून सूचना फिरली. चौथ्या दिवशी सकाळी नगरपरिषदेच्या पथकाने मालाने भरलेल्या अकरा पाट्या उचलल्या. चार दिवसांनी पाट्या परत मिळाल्या त्या रिकाम्या. बायकांना मंडईच्या मागच्या बाजूचे ओटे दाखवण्यात आले.

समोर असलेले पर्याय

वाडीतल्या बायका, शहरातली एक छोटी सामाजिक संघटना आणि या विषयात रस घेणाऱ्या एक नगरसेविका यांच्या तीन-चार बैठका झाल्या. पाच वाटा पुढे आल्या.

पहिली वाट मंडईत जाण्याची. नगरपरिषदेला हाच उपाय सरळ वाटत होता आणि वरवर पाहता तो वाईटही नव्हता: डोक्यावर छप्पर, पाण्याचा नळ. पंधरा दिवस चार बायकांनी तिथे बसून पाहिलं. माल निम्मा परत गेला. गिऱ्हाईक एसटीतून उतरून घरी जाणारं, नाहीतर दुचाकी उभी करून दोन वाटे घेणारं. ते मंडईच्या मागे वळत नाही. ओटे अडीच फूट उंच, कोळणींच्या उभ्याने विकण्याच्या सवयीचे. या बायका जमिनीवर पाटीमागे बसतात. आणि सगळ्यात अवघड गोष्ट वेळेची. मंडईचा मागचा भाग दुपारी एकला बंद होतो.

वेळेचं हे प्रकरण नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर फिरला. चिंबोऱ्या आणि खुबे ओहोटीला चिखल उघडा पडला की मिळतात. ओहोटी रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब खाडीकाठी सगळ्यांना तोंडपाठ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पुनवेला-अवसेला भरती अकरा-बाराच्या पुढे, म्हणून ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. खाडीत आत जावं तसा थोडा उशीर धरायचा. म्हणजे उधाणाच्या, पुनव-अवसेच्या दिवसांत बायका सकाळी नऊ-दहाला पायरीवर येतात, आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत दुपारी तीन-चारला. घड्याळाची एकच वेळ ठरवून दिली, तर महिन्यातले निम्मे दिवस माल एकीकडे आणि जागा दुसरीकडे.

दुसरी वाट उच्च न्यायालयात जाण्याची. कायदा बाजूने होता. पण तलावाच्या कामाला स्थगिती मिळाली असती, तर शहरातला मोठा वर्ग बायकांवर उलटला असता, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्यांना तारखांना हजर राहता आलं नसतं. ही वाट राखून ठेवली.

तिसरी 2014 च्या पथविक्रेता कायद्याची. या कायद्यात ‘नैसर्गिक बाजार’ ही कल्पना आहे: जिथे विकणारे आणि घेणारे पूर्वापार जमतात ती जागा. सर्वेक्षणात जागा नैसर्गिक बाजार म्हणून नोंदली गेली, तर ती ना-फेरीवाला क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही. कलम 3 प्रमाणे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला हटवता येत नाही. हलवायचंच असेल तर कलम 18 प्रमाणे तीस दिवसांची नोटीस लागते. उचललेला माल नाशवंत असेल तर मागणी केल्यावर त्याच दिवशी परत द्यावा लागतो, आणि उचलताना मालाची यादी हातात द्यावी लागते. रिक्षावरचा भोंगा आणि चार दिवसांनी आलेल्या रिकाम्या पाट्या यांपैकी कशातच बसत नव्हत्या.

चौथी वाट स्मारकाची. शहरातल्या काही चांगल्या मनाच्या माणसांनी सुचवलं की, चुकीचं वारली चित्र काढून तिथे हुतात्मा नाग्या महादू कातकरी यांचं शिल्प बसवावं. उरण तालुक्यातल्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात 25 सप्टेंबर 1930 रोजी गोळीबार झाला, त्यात ते हुतात्मा झाले. सूचनेला कुणाचाच विरोध नव्हता, नगरपरिषदही लगेच तयार झाली. बैठकीत वाडीतल्या एका वयस्कर बाईने विचारलं की, शिल्प बसवणार ते कुंपणाच्या आत का बाहेर. नेमका प्रश्न हाच होता. शिल्प आत बसलं असतं आणि त्याच जमातीच्या बायका फाटकाबाहेर उभ्या राहिल्या असत्या. नगरपरिषदेने शिल्पाला होकार दिला म्हणजे प्रकरण मिटलं, असं वर्तमानपत्रात छापून येण्याची भीतीही होती. म्हणून शिल्पाची मागणी मागे घेतली नाही, पण ती जागेच्या मागणीनंतर ठेवली. माझ्या मते हा क्रम लावणं हा या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय.

पाचवी म्हणजे काहीच न करणं. बायका डोक्यावर पाटी घेऊन गल्लोगल्ली फिरल्या असत्या. दोघी-तिघींनी तेच सुरू केलंही होतं.

काय केलं

तिसरी वाट धरली आणि तिच्या जोडीला आराखड्यातच बदल मागायचं ठरलं.

आधी पुरावा गोळा केला. कागद नव्हते, म्हणून तीन गोष्टी जमवल्या. बाजार बैठकीच्या, म्हणजे बाजारात बसण्याच्या शुल्काच्या, जुन्या पावत्या: दोन घरांमध्ये पत्र्याच्या डब्यात पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या निघाल्या, नगरपरिषदेच्याच शिक्क्याच्या. दुसरं, गिऱ्हाइकांची लेखी निवेदनं, ‘आम्ही इतक्या वर्षांपासून या पायरीवरून माल घेतो’ अशी, पत्ता आणि सहीसह. तिसरं, पायऱ्यांचं नाव. आसपासच्या तीन वेगवेगळ्या समाजांतल्या साठीपुढच्या माणसांनी स्वतंत्रपणे तेच नाव सांगितलं, ते पंचनाम्यासारखं लिहून घेतलं. पावत्यांनी अर्धी लढाई जिंकली. आपल्याच पूर्वीच्या कर्मचाऱ्याने फाडलेली पावती नाकारणं नगरपरिषदेला जमलं नाही.

मग कुंपणाची रेघ. नगर अभियंत्यांसोबत जागेवर टेप लावून मोजणी केली. कुंपण रस्त्याच्या कडेने न नेता पिंपळाच्या मागून, चालण्याची पट्टी आणि पायऱ्या यांच्या मधून वळवलं, तर पायऱ्या आणि पार रस्त्याच्या बाजूला मोकळे राहतात. बेचाळीस फूट लांबीची जागा बाहेर राहते, कुंपणाची एकूण लांबी थोडी कमीच होते, त्यामुळे वाढीव खर्चाचा विषय सभेपुढे न्यावा लागत नाही. मुलं पाण्यात पडतील हा आक्षेप रास्त होता. तिसऱ्या पायरीवर आडवी जाळी घालून तो सोडवला. या एका वळणामुळे बागेच्या वेळा, फाटक, पुढेमागे येऊ शकणारं तिकीट, हे सगळं बायकांच्या बाबतीत गैरलागू झालं. वाटाघाटीत दुसरं काही सुटलं असतं तरी चाललं असतं, हे सुटलं असतं तर सगळंच गेलं असतं.

पायऱ्यांवर ग्रॅनाइट नको, हे सांगायला फार वेळ लागला नाही. मासळीचं पाणी सांडलेल्या चकचकीत दगडावर पाय ठरत नाही. काळा दगड तसाच ठेवला, फक्त सांधे नव्याने भरले. आरोग्य विभागाचं म्हणणं होतं की, धुण्याचं पाणी तलावात जातं. ते खरं होतं. वरच्या पायरीमागे साठास एक उतार देऊन सहा इंची जाळीचा नाला काढला, तो खवले-शिंपा अडवणाऱ्या छोट्या चेंबरमधून गटाराला जोडला, अर्ध्या इंचाचा एक नळ दिला. झाकणाच्या दोन बादल्या ठेवल्या आणि घंटागाडीची संध्याकाळची फेरी ठरवली. प्रत्येकीला चार फूट बाय तीन फूट जागा, मध्ये दीड फूट वाट.

चेड्याच्या बाबतीत नगरपरिषदेने चाळीस फुटांवर छोटं देऊळ बांधून देण्याची तयारी दाखवली. हे उदारपणे दिलेलं होतं. वाडीतल्या जाणत्यांनी नकार दिला. चेडा उघड्यावरच असतो, असं त्यांनी सांगितलं. संघटनेच्या मनात आणखी एक हिशेब होता: देऊळ आलं की दार येतं, कुलूप येतं, समिती येते, आणि ज्यांचा देव ते समितीत नसतात. दगड होता तिथे राहिला. पाराची बांधणी त्याच्या भोवती अर्धवर्तुळात मोकळी सोडली.

मंडईतल्या कोळणींची तक्रार मात्र सोपी नव्हती. त्या ओट्याचं भाडं भरतात, बर्फाचा खर्च करतात, आणि रस्त्यावरच्या स्वस्त मालाने त्यांचा भाव पडतो, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजूंच्या बायका समोरासमोर बसल्यावर तोडगा निघाला: पायरीवर समुद्राची मासळी आणि बर्फाचा माल विकायचा नाही, खाडीचा आणि रानातला तेवढाच. सगळ्यांना पटलं, लिहून झालं. त्याचा काटा पुढे रुतला.

वेळेचा प्रश्न शहर पथविक्रेता समितीत आला. मुख्याधिकारी अध्यक्ष, सभासदांत चाळीस टक्के पथविक्रेते, त्यांत एक तृतीयांश महिला, आणि विक्रेत्यांमधून अनुसूचित जमातींना योग्य प्रतिनिधित्व, असं पथविक्रेता कायद्याचं कलम 22 सांगतं. या समितीत एकही कातकरी नव्हती. ते दाखवून दिल्यावर एका बाईंना सभासद म्हणून घेतलं. त्यांनीच भरती-ओहोटीचा हिशेब समितीला समजावला. कायद्यात वेळ वाटून जागा वापरण्याची सोय आहेच. समितीने पायरीसाठी सकाळ आणि दुपार असे दोन्ही भाग खुले ठेवले, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी ती जागा फुलवाल्यांना दिली.

आणि सर्वेक्षण. ते जानेवारीत झालं. मोबाइल ॲप, जागेवर फोटो, आधारशी जोडलेल्या नंबरवर ओटीपी. त्या दिवसांत निम्म्याहून जास्त बायका वीटभट्ट्यांवर. नोंद झाली नऊ जणींची. ही चूक लक्षात आली तेव्हा यादी प्रसिद्ध झाली होती. हरकतींच्या मुदतीत जुन्या पावत्या आणि गिऱ्हाइकांची निवेदनं जोडून आणखी आठ नावं घालता आली. सहा राहिली: तिघींकडे आधार नव्हतं, तिघी मुदतीत परत आल्या नाहीत.

निष्पत्ती

सतरा जणींना विक्री प्रमाणपत्र मिळालं. पायरी मोकळी आहे, नळ चालू आहे, चेंबर पावसाळ्यात दर चार दिवसांनी साफ करावा लागतो आणि ते काम बायकाच करतात, जे करारात नव्हतं. सकाळी चालायला येणारे आता कुंपणाच्या आतून भाजीचा भाव विचारतात आणि पैसे गजांमधून देतात.

वारली चित्र अजून भिंतीवर आहे. ठेकेदाराचं बिल निघाल्यावर त्यात बदल करायला कुणी तयार नाही. चिरनेरच्या हुतात्म्याच्या शिल्पाचा ठराव झालेला आहे. याच जिल्ह्यातल्या महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव 1924 साली केला होता. पाणी प्रत्यक्ष घेण्यासाठी 20 मार्च 1927 चा सत्याग्रह करावा लागला, आणि कोर्टातला निकाल लागायला 1937 उजाडलं. ठरावाची तारीख आणि वापराची तारीख यांच्यात किती अंतर पडू शकतं, हे रायगडात तरी कुणी कुणाला सांगायला नको.

पायऱ्यांचं नाव समितीच्या इतिवृत्तात पहिल्यांदा लिहिलं गेलं, आणि प्रमाणपत्रावर ‘विक्रीची जागा’ या रकान्यात तेच आलं. फलक मागितला होता, तो मिळाला नाही. पण आता नाव काढून टाकायचं तर सतरा प्रमाणपत्रं बदलावी लागतील.

काय वेगळं करता आलं असतं

पायरीवर काय विकायचं याच्या, कोळणींसोबतच्या करारातल्या यादीवर सही करायला नको होती. दुसऱ्या वर्षी एका बाईने मोसम नसताना घाऊक बाजारातून सुकट आणून विकायला ठेवली. करारावर बोट ठेवून तिला उठवलं गेलं. कोळणींचा आक्षेप बर्फाच्या मासळीवर होता, सुकटीवर नव्हता. पण ‘खाडीचा आणि रानातला’ हे शब्द कागदावर होते, आणि निरीक्षकाने ते शब्दशः वाचले. कातकरी बाईने कायम चिंबोरी आणि शेवळंच विकावीत, अशी अट तिच्यावर का असावी? बाकी कुणाही विक्रेत्याच्या प्रमाणपत्रावर बापजाद्यांचा धंदा लिहिलेला नसतो. काय विकायचं नाही एवढंच लिहायला हवं होतं, आणि तेही एका वर्षासाठी, नंतर दोन्ही बाजूंनी पुन्हा बसून.

जातीच्या दाखल्यामागे दोन महिने वाया गेले. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा किंवा गृहचौकशी लागते, आणि ते धरून बसल्याने आधारची कामं मागे पडली. विक्री प्रमाणपत्राच्या अर्जाला जातीचा दाखला लागत नाही, तो प्राधान्यासाठी उपयोगी पडतो. आधी आधार आणि मोबाइल नंबर, दाखला त्यामागून, असा क्रम हवा होता. 15 नोव्हेंबर 2023 ला सुरू झालेल्या, विशेष असुरक्षित गटांसाठीच्या केंद्र सरकारच्या पीएम-जनमन अभियानात वाडीवस्तीवर कागदपत्रांची शिबिरं घेता येतात. पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे अशा शिबिराची मागणी सर्वेक्षणाच्या आधी जायला हवी होती.

भिंतीवरचं चित्र आराखड्याच्या टप्प्यावरच थांबवता आलं असतं. प्रारूप आराखडा नगरपरिषदेच्या सूचनाफलकावर लागलेला होता, पण वाडीतलं कुणी तो फलक वाचायला जाणार नव्हतं. नगरसेविकांनी त्याची एक प्रत पायरीवर आणून दाखवली असती, तर चित्र कुणाचं आहे हे पाच मिनिटांत कळलं असतं.

सर्वेक्षणाच्या महिन्याबद्दल समितीने आता ठराव केला आहे: पायरीपुरती पुढची मोजणी आषाढ ते भाद्रपद या काळात, दोन फेऱ्यांत, एक उधाणाच्या आठवड्यात सकाळी आणि एक भांगाच्या आठवड्यात दुपारी. राहिलेल्या सहांपैकी दोघींची आधार कार्डं आली आहेत. त्या दोघी सध्या प्रमाणपत्राशिवाय, सर्वांत खालच्या मोकळ्या पायरीवर, जाळीला टेकून बसतात.